डिलीट करू का?

संगणक हा तसा सभ्य प्राणी आहे. काहीही कायमचं पुसायच्या आधी तो एकदा विचारतो, ‘आर यू शुअर?’ आणि आपण त्याचं वाक्य पुरतं न वाचताच एंटर दाबतो. गेल्या वर्षी सबमिशनच्या आदल्या रात्री पावणेदोन वाजता मीही तेच केलं. लॅपटॉपची डिस्क लाल झाली होती, रिपोर्टची पीडीएफ बनत नव्हती आणि रूम पार्टनर पांघरुणातून ओरडत होती, ‘अगं, काढून टाक ना ते आवाजांचं फोल्डर! आलेख तर झालेत तुझे!’ आलेख खरंच झाले होते. मी १६० जीबीचं फोल्डर उडवलं, पीडीएफ बनली, मार्कही बरे पडले.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी ते फोल्डर काय होतं ते सांगायला हवं.

माझं घर मुंबईत, भोईवाड्यात. ज्यांना भोईवाडा माहीत नाही त्यांना एवढंच सांगते, की परळचं टाटा हॉस्पिटल, केईएम, मुलांचं वाडिया हॉस्पिटल आणि हाफकिन ही सगळी आमच्या पायी अंतरावरची मंडळी. आमच्या चाळीत पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहिलं की खाली फूटपाथ दिसतो आणि त्या फूटपाथवर बारा महिने माणसं असतात. टाटात उपचाराला आलेल्यांचे नातेवाईक. कुणी जळगावचं, कुणी पाटण्याचं, कुणी बंगालमधलं. धर्मशाळेत नंबर लागेपर्यंत, कधी त्यानंतरही, त्यांचा संसार तिथेच. त्यातच अॅम्ब्युलन्स, टॅक्स्यांचे हॉर्न, कुणाचा तरी जनरेटर आणि लग्नसराईत बँजो पथक.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत हॉस्पिटलभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्राची तरतूद आहे. मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. माझ्या प्रोजेक्टचा विषय तोच होता : मे महिन्याच्या सुट्टीत घरच्या गॅलरीत माइक लावून सलग २१ दिवस आवाज नोंदवायचा आणि तासागणिक पातळी काढायची. एक चांगला माइक, जुना लॅपटॉप आणि लॅबमधून सही करून आणलेला कॅलिब्रेटर. (आजीला वाटलं मी गाण्याच्या क्लासला जायला लागले.)

हिशोब साधा आहे, करून बघा. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइटचा. म्हणजे सेकंदाला ८८,२०० बाइट, दिवसाला साधारण ७.६ जीबी आणि २१ दिवसांचे १६० जीबी. त्यातून मी काय ठेवलं? तासाला एक सरासरी. २१ गुणिले २४, म्हणजे ५०४ आकडे. ते सगळे एका एक्सेल शीटमध्ये बसले आणि शीटचं नाव अर्थातच ‘फायनल_फायनल_२’.

आता पुढचा भाग. या वर्षी एक ज्युनियर तोच प्रोजेक्ट पुढे न्यायला आला. मॅडमनी मला बोलावलं आणि त्याच्यासमोरच विचारलं, ‘याला एल-टेन आणि एल-नाइन्टी काढून दे गं तुझ्या डेटावरून.’ एल-टेन म्हणजे ती पातळी, जिच्या वर आवाज एकूण वेळेच्या दहा टक्के असतो. एल-नाइन्टी म्हणजे जिच्या वर तो नव्वद टक्के वेळ असतो, थोडक्यात त्या जागेची कायमची गुणगुण. दोघांतला फरक सांगतो की तिथे सतत आवाज आहे की मधूनमधून धक्के बसतात. फूटपाथवर झोपणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या दोहोंत फार फरक आहे. पण तासाला एकच आकडा असेल तर यातलं काहीही निघत नाही.

मॅडमनी शीट उघडली, सूत्राच्या खणावर क्लिक केलं आणि माझ्याकडे बघितलं. सूत्र होतं ‘अॅव्हरेज’.

ज्यांना यात काय चुकलं ते कळलं नाही त्यांच्यासाठी थोडं थांबते, कारण माझ्याच बॅचमधल्या निम्म्या लोकांना ते कळलं नव्हतं. डेसिबल हे लॉगरिदमचं माप आहे. त्याची साधी सरासरी काढायची नसते. समजा, एका तासात ५९ मिनिटं ६० डेसिबल आवाज आहे आणि एक मिनिट ९० डेसिबलचा बँजो वाजून गेला. साधी सरासरी येते ६०.५. पण प्रत्येक पातळीची ऊर्जा काढून, ऊर्जेची सरासरी करून मग परत डेसिबलमध्ये आणलं, की उत्तर येतं ७२.५. तब्बल बारा डेसिबलचा फरक! ऊर्जेच्या हिशोबात सोळा पट. योग्य माप हे दुसरं, त्याला समतुल्य पातळी म्हणतात. माझी पद्धत चूक होती आणि ज्यावरून ती सुधारता आली असती, तेच मी उडवलं होतं.

अजून एक चूक मी स्वतःहून कबूल केली. नवव्या दिवशी वरातीच्या आवाजाने रेकॉर्डिंग फाटायला लागलं म्हणून मी माइकचा गेन कमी केला. किती कमी केला, ते कुठेच लिहिलं नाही. कॅलिब्रेटर ९४ डेसिबलचा शुद्ध सूर देतो, म्हणजे बरोबर एक पास्कल दाब. तो मी पहिल्या दिवशी लावला, गेन बदलल्यावर लावलाच नाही. मूळ ध्वनी असता तर आठव्या आणि दहाव्या रात्रीची तीन वाजताची गुणगुण शेजारी ठेवून तो फरक अंदाजाने तरी काढता आला असता. आता पहिल्या आठ दिवसांचे आकडे एका फूटपट्टीचे आणि उरलेले दुसऱ्या, आणि दुसऱ्या फूटपट्टीवर खुणाच नाहीत.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, ‘मग आता काय ठेवायला हवं होतं असं वाटतं?’

‘सगळं!’ मी लगेच म्हटलं.

‘सगळं?’

त्या प्रश्नाने मला ती रात्र आठवली, जी मी रिपोर्टमध्ये लिहिली नव्हती. रेकॉर्डिंग नीट होतंय का ते बघायला मी हेडफोन लावून मधलाच एक तुकडा ऐकत होते. रात्री उशिराचा. रस्ता शांत होता, त्यामुळे खालच्या फूटपाथवरचा एक माणूस फोनवर बोलताना शब्द न् शब्द ऐकू आला. पहिला फोन त्याने बहुतेक भावाला केला. रिपोर्टमध्ये काय आलंय, डॉक्टर काय म्हणाले, सगळं सांगितलं. मग दोन मिनिटं काहीच नाही. मग दुसरा फोन, आईला, आणि तिला त्याने बरोबर उलट सांगितलं. आवाजही बदलला होता त्याचा. मी हेडफोन काढून ठेवला. तो माणूस माझ्या प्रोजेक्टमध्ये भाग घ्यायला आलेला नव्हता. त्याला माहीतही नव्हतं की वर गॅलरीत माइक आहे. मी त्याला विचारलेलं नव्हतं आणि २१ रात्रींत असे किती फोन त्या १६० जीबीत गेले असतील कोण जाणे.

तेव्हा ‘सगळं ठेवायला हवं होतं’ हे उत्तरही चूकच. मी जे पुसलं त्यातलं बरंचसं पुसायलाच हवं होतं, खरं तर साठवायलाच नको होतं. पण मी ते या कारणासाठी पुसलं नव्हतं. मी पुसलं, कारण डिस्क भरली होती. (एक्स्टर्नल डिस्क होती आमच्या रूमवर. तिच्यात सिनेमे होते. असो.)

मग बरोबर उत्तर काय? ते मला आमच्याच रस्त्यावर सापडलं.

जेरबाई वाडिया रोडवरून शाळेत जाता-येता मी इंडियन कॅन्सर सोसायटीची पाटी वाचलेली होती, त्यापलीकडे काही माहीत नव्हतं. या प्रकरणानंतर लायब्ररीत शोधताना कळलं, की भारतातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी, बॉम्बे कॅन्सर रजिस्ट्री, ही या सोसायटीने १९६३ साली सुरू केली. त्यामागचं नाव म्हणजे टाटा हॉस्पिटलचे सर्जन डॉ. दाराब जुस्सावाला. नोंदणीच्या अहवालांवर पत्ता छापलेला असतो : ७४, जेरबाई वाडिया रोड, भोईवाडा, परळ. जग फिरून यावं आणि गुरु शेजारच्या इमारतीत निघावा, तसं झालं.

लोकसंख्याधारित म्हणजे काय, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. एखाद्या हॉस्पिटलने आपल्याकडे किती पेशंट आले ते मोजलं तर ती झाली हॉस्पिटलची नोंदणी. त्यावरून शहरात कॅन्सर किती, हे कळत नाही. टाटात तर सगळा देश येतो. मुंबईत दर लाख माणसांमागे किती नवे कॅन्सर होतात हे हवं असेल, तर मुंबईत राहणारा प्रत्येक पेशंट मोजायला हवा, तो कुठल्याही हॉस्पिटलात असो, आणि एकदाच मोजायला हवा. नोंदणी सुरू झाली तेव्हा कॅन्सर कळवणं कुणावर बंधनकारक नव्हतं. त्यामुळे नोंदणीची माणसं स्वतः हॉस्पिटलांत जाऊन केसपेपर, पॅथॉलॉजीच्या नोंदी बघायची आणि महापालिकेकडच्या मृत्यूच्या नोंदी तपासायची. तेव्हा संगणक नव्हता, कार्डं होती.

आता विचार करा, त्या कार्डावर काय लिहायचं? केसपेपर असतो जाडजूड. रोजचा ताप, औषधांच्या चिठ्ठ्या, एक्स-रे, बिलं. त्यातलं बहुतेक नोंदणीत घेतलं जात नाही, ते हॉस्पिटलातच राहतं. जे घेतात ते मोजकं : नाव, वय, लिंग, पत्ता, मुंबईत किती दिवस राहतो, धर्म, मातृभाषा, कॅन्सर कुठल्या अवयवाचा, सूक्ष्मदर्शकाखाली कुठल्या प्रकारचा, निदान कसं झालं आणि कधी. म्हणजे काय ठेवायचं, याचा निर्णय गोळा करतानाच झालेला असतो. आपण उलटं करतो. आधी सगळं ओढून घेतो आणि डिस्क भरली की रात्री पावणेदोनला निर्णय घेतो.

यातला ‘मुंबईत किती दिवस राहतो’ हा रकाना बघा. वरवर अगदी फालतू. एखादा कारकून म्हणेल, पत्ता घेतलाय ना, मग हे कशाला? पण आमच्या फूटपाथवरची माणसं आठवा. पाटण्याहून आलेला पेशंट केसपेपरवर पत्ता देतो मुंबईतल्या मावसभावाचा, कारण हॉस्पिटलची पत्रं तिथे येणार. नुसता पत्ता धरला तर तो मुंबईकर ठरतो आणि मुंबईचा आकडा फुगतो. म्हणून नियम केला, की किमान एक वर्ष इथे राहणाऱ्यालाच मोजायचं. हा रकाना पुसला तर उरलेले सगळे रकाने असूनही दर काढता येणार नाही. माझ्या गेनसारखंच हे. छोटी नोंद, पण सगळी मापं तिच्यावर टांगलेली.

धर्माचा रकानाही तसाच. १९७० साली डॉ. जुस्सावाला आणि सहकाऱ्यांनी याच नोंदींवरून पारशी समाज आणि मुंबईची एकूण लोकसंख्या यांच्यातल्या कॅन्सरची तुलना प्रसिद्ध केली. एकाच शहरातली माणसं, पण चित्र वेगळं : पारशांमध्ये तोंडा-घशाचे कॅन्सर कमी आणि स्त्रियांत स्तनाचा कॅन्सर जास्त. तंबाखू, लग्नाचं वय, मुलांची संख्या यांकडे लक्ष वेधणारी ही तुलना कार्डावर तो एक शब्द नसता तर करता आली नसती. १९७० सालीच ‘पाच खंडांतला कॅन्सर’ या ग्रंथमालेच्या दुसऱ्या भागात मुंबईचे आकडे आले. जगातली शहरं शेजारी मांडता येतात ती अशी. पुढे १९८१-८२ मध्ये आयसीएमआरने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तेव्हा मुंबईची नोंदणी त्यात होतीच, सोबत बंगळूर आणि मद्रास.

आणि नाव? इथे मला खरा प्रश्न पडला. त्या फोनवरच्या माणसाचा विचार केला तर वाटतं, नाव आधी पुसावं. पण नाव पुसलं तर नोंदणीच कोसळते. एकच बाई आधी केईएममध्ये जाते, मग टाटात, मग दादरच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये. तीन कार्डं होतात. नाव, वय, पत्ता नसेल तर त्या तीन बायका होतात. त्यात मराठी नावं इंग्रजीत लिहायची म्हटलं की बघायलाच नको. एका ठिकाणी ‘विठाबाई’ तर दुसऱ्या ठिकाणी ‘विट्टाबाई’, एकीकडे आडनाव आहे, दुसरीकडे गायब. उलट एकाच बाईला दोन वेगळ्या अवयवांत दोन स्वतंत्र कॅन्सर झाले तर त्या दोन नोंदी, त्यातली एकही काढायची नाही. म्हणजे डुप्लिकेट काढणं हेसुद्धा डिलीट करणंच, पण ते डोळे उघडे ठेवून, दोन कार्डं समोरासमोर धरून करायचं काम आहे.

तेव्हा नाव ठेवावं लागतं. मात्र ते छापायचं नाही, कुणालाही दाखवायचं नाही आणि विश्लेषण करणाऱ्याच्या हातात द्यायचं नाही. आपल्यासारख्यांनी यातून उचलण्यासारखी युक्ती अशी : नावं एका फाईलमध्ये, मोजमापं दुसऱ्या फाईलमध्ये, दोघांना जोडणारा फक्त एक नंबर. नावांची फाईल कुलपात. जोडणीचं काम संपलं की नावांच्या फाईलची गरज उरली का, हे विचारायचं, उरली नसेल तर ती पुसायची. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही हेच म्हणतो, की हेतू संपला की माहिती पुसा. संशोधन आणि आकडेवारीला त्यात सवलत आहे, पण ती माहिती वापरून त्या विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही, या अटीवर.

नुसतं नाव काढून भागत नाही, हेही सांगून ठेवते. आपल्या मेसचा जो निनावी सर्व्हे झाला होता त्यात वर्ष, शाखा, लिंग आणि जिल्हा होता. थर्ड इयर, इन्स्ट्रुमेंटेशन, मुलगी, गोंदिया. झालं, निनावी काय राहिलं त्यात! भाजीबद्दल तिने लिहिलेली मतं ताबडतोब आचाऱ्यापर्यंत पोहोचली.

हाफकिनचा उल्लेख वर आलाच आहे, तर तिथलीही एक हकीकत सांगते, कारण नोंद ठेवली नाही तर काय होतं हे आपण नेहमी ऐकतो, ठेवल्यामुळे काय झालं हे कमी. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा होती. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका आला परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिनना पद सोडावं लागलं. पण कुणाला कुठल्या बाटलीतून टोचलं, याची नोंद होती. एकोणीसच्या एकोणीस जण एकाच बाटलीचे, क्रमांक ५३-एन. बाकी चार बाटल्यांतल्या कुणालाही काही झालं नाही. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढलं होतं, हेही नोंदवलेल्या साक्षींत होतं. रोनाल्ड रॉससारखे लोक त्यावरून भांडले आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ‘१०७ पैकी १९’ एवढी सरासरीच कुणी ठेवली असती तर सगळी लस वाईट ठरली असती आणि माणूसही.

पुन्हा माझ्या आवाजांकडे. मॅडमनी ज्युनियरला आणि मला फळ्यासमोर बसवलं आणि आम्ही तिघांनी पायऱ्या मांडल्या. मूळ ध्वनी : १६० जीबी, त्यात माणसांचं बोलणं. सर्वांत वर तासाची सरासरी : ५०४ आकडे, त्यात काहीच नाही. मधल्या पायऱ्या कुठल्या? सेकंदाला एक पातळी. २१ दिवसांत होतात १८,१४,४०० आकडे. तारीख, वेळ आणि पातळी अशी साधी ओळ लिहिली तर ओळीला २५ अक्षरं, एकूण ४५ एमबी. मूळच्या साडेतीन हजारावा भाग! व्हॉट्सअॅपवर येणारे ‘शुभ सकाळ’चे व्हिडिओ यापेक्षा जास्त जागा खातात. त्यातून समतुल्य पातळी निघते, एल-टेन निघतो, एल-नाइन्टी निघतो, बँजो कधी गेला तेही दिसतं. आणि सेकंदाला एका आकड्यातून कुणाचाही एक शब्दसुद्धा परत मिळवता येत नाही.

हे बघितल्यावर मला जागेची सबब सांगायची लाजच वाटली. जागा कधीच कमी नव्हती. कुठल्या पायरीवर थांबायचं हे मी ठरवलंच नव्हतं.

आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. आपली सहल गेली होती तिथे. तिथेही नेहमीच्या निरीक्षणात प्रत्येक तबकडीतून येणारा मूळ विद्युत-संकेत साठवून ठेवत नाहीत. तबकड्यांच्या जोड्यांचा गुणाकार तिथल्या तिथे होतो (३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या, मोजून बघा) आणि त्याची सरासरी साठवतात. पुढच्या खगोलशास्त्रज्ञाला त्यातून नकाशा पुन्हा नव्या पद्धतीने काढता येतो, म्हणून ती पायरी. उलट नासाने काय केलं? चंद्रावरच्या पहिल्या पावलाच्या, अपोलो ११ च्या मूळ चित्रणाच्या टेप शोधायला लोक निघाले तेव्हा २००९ मध्ये नासाला सांगावं लागलं, की त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. टेप कमी पडत होत्या! म्हणजे रूम पार्टनर सगळीकडेच असते.

मेकॅनिकलच्या मित्रांसाठी उलटा सल्ला. तुमच्या सिम्युलेशनचे ते चारशे जीबीचे आउटपुट खुशाल उडवा. इनपुट फाईल, मेश, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि यादृच्छिक आकड्यांचं बीज एवढं जपलं, तर मशीन दोन रात्रीत तेच पुन्हा काढून देईल. काय पुन्हा मिळू शकतं आणि काय नाही, हा पहिला प्रश्न. मे महिन्यातली ती विशिष्ट रात्र कुठलंही मशीन परत देणार नाही. दुसरा प्रश्न, जे ठेवलंय ते मी नसताना कुणाला वाचता येईल का? माझ्या ५०४ आकड्यांसोबत माइकचं मॉडेल, गेन, कॅलिब्रेशनची तारीख, माइक जमिनीपासून किती उंच, भिंतीपासून किती दूर, यातलं काहीही नव्हतं. एक पानाची साधी टेक्स्ट फाईल पुरली असती. आणि तिसरा, यात कुणाचं असं काही आहे का, जे त्याने मला दिलेलं नाही? हा प्रश्न आमच्या फॉर्मवर कुठेच नव्हता, म्हणून तो शेवटी आला. खरं तर माइक लावायच्या आधी यायला हवा.

प्रती किती ठेवायच्या, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबवाल्यांना विचारा. त्यांचा अनुभव दांडगा आहे. मी एवढंच म्हणेन, की तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, आणि पेनड्राइव्हला प्रत म्हणू नका.

या मे महिन्यात ज्युनियर आमच्याच गॅलरीत माइक लावणार आहे. (आजीने आधीच विचारलंय, याला जेवायला काय आवडतं.) त्याचा प्रोग्रॅम सेकंदाची पातळी तिथल्या तिथे काढून मूळ ध्वनी लगेच टाकून देईल, डिस्कवर जाऊच देणार नाही. रोज सकाळी कॅलिब्रेटर लावून तो सूर मात्र ध्वनी म्हणूनच जपायचा, त्यात कुणाचं बोलणं नसतं. गॅलरीखाली काय चाललंय त्याचा हिंदी-मराठी फलक लावायचाही ठरलाय. मजकूर अजून नीट जमलेला नाही. ‘तुमचे बोलणे साठवले जात नाही’ असं लिहिलं की माणसं आणखीनच संशयाने वर बघतात.

आणि लॅबमध्ये आता एक वही आहे, रूल मारलेली, फुलस्केप. काय पुसलं, कधी, का, कुणाच्या सहीने, आणि त्याऐवजी काय ठेवलं, असे पाच रकाने. पहिली नोंद माझीच आहे, गेल्या वर्षीच्या १६० जीबीची. ‘का’च्या रकान्यात ‘डिस्क भरली’ असं लिहावं लागलं.

दुसरी नोंदही माझीच. मागच्या आठवड्यात जुना पेनड्राइव्ह साफ करताना त्यात सहा मिनिटांची एक फाईल निघाली. रात्रीची, आमच्या गॅलरीतली. एकमेव वाचलेला मूळ ध्वनी! ज्युनियर उड्याच मारायला लागला, कारण त्याच्या प्रोग्रॅमची पातळी बरोबर येते का ते तपासायला असाच तुकडा हवा होता. मी हेडफोन लावला. पहिल्या काही सेकंदांतच आवाज ओळखला. भावाला केलेला फोन होता तो.

ज्युनियरला मी कॅलिब्रेटर देऊन हॉस्टेलच्या गच्चीवर पाठवलं, सहा मिनिटं वाऱ्याचा आणि पंपाचा आवाज घेऊन ये म्हणून. प्रोग्रॅम तपासायला तो पुरतो. मग पेनड्राइव्हवरची फाईल पुसली, त्या जागेवर दुसरं काहीतरी लिहून पुन्हा पुसली, आणि वही उघडली.